तट उभा राहिला की डाव जिंकला

(मांडवा येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींकडे मी बुद्धिबळ शिकले. शाळा सुटली की व्हरांड्यात सतरंजी अंथरली जायची आणि पुठ्ठ्याचे तीन-चार पट उघडायचे. मोहरी मांडून झाली की गुरुजी पटांमधून एक फेरी मारायचे आणि प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारायचे, "आज डाव कशावर?" कधी उत्तर असायचं, नेहमीची मात. कधी ते स्वतःच सांगायचे की आज प्यादेमात केली तरच जिंकलं म्हणायचं. एखादं लहान पोर मोठ्या मुलासमोर बसलं असेल, तर त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचे, "तू तीस चाली टिकलास की डाव तुझा."

त्या एका वाक्यानं समोरचा पट बदलून जायचा. मोहरी तीच, घरं चौसष्टच, घोड्याची चाल अडीच घरांचीच. पण तीस चाली टिकायचं म्हटल्यावर ते लहान पोर वजीर घेऊन धावत सुटायचं नाही. आधी राजाभोवती घर बांधायचं. आणि मोठा मुलगा, जो एरवी आरामात खेळायचा, तो पहिल्या चालीपासून घाईला यायचा.

पुढे मी व्हिडिओ गेम तयार करण्याच्या धंद्यात पडले, तेही पाळीपाळीनं चाल करायच्या डावपेचांच्या खेळांच्या. या खेळांत हाताच्या चपळाईला फारसा वाव नसतो. तुम्ही चाल करता, मग समोरचा करतो, विचाराला हवा तेवढा वेळ मिळतो. अशा खेळाची रचना करताना चित्रं, सैनिक, नकाशा हे सगळं पुष्कळ जण मिळून ठरवतात. पण एक ओळ अशी असते की ती चुकली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. ती ओळ म्हणजे विजयाची अट. गुरुजींचा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं रोज स्वतःला विचारते आहे, म्हणून आज त्याच प्रश्नावर बोलणार आहे.

खांदेरीचा डाव

इथून दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर समुद्रात दोन बेटं आहेत, खांदेरी आणि उंदेरी. थळवरून बघितलं की दीपगृह दिसतं ती खांदेरी. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत ती आहे. आपण तिच्याकडे अभिमानानं बघतो. मला आज तिच्याकडे डाव म्हणून बघायचं आहे, कारण विजयाची अट म्हणजे काय हे मला पुस्तकांपेक्षा या बेटानं जास्त शिकवलं.

१६७९चा ऑगस्ट संपत आला होता. पावसाळा अजून ओसरला नव्हता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि मोजक्या तोफा घेऊन खांदेरीवर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं. १६७२ साली असा एक प्रयत्न होऊन गेला होता, तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांनी तो तडीस जाऊ दिला नव्हता. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला असणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. या खेपेलाही मुंबईच्या इंग्रजांनी बेटाभोवती गलबतं आणून उभी केली.

आता मोहरी मोजा. एका बाजूला युरोपीय बांधणीची जहाजं, मोठ्या तोफा, कसलेले खलाशी. दुसऱ्या बाजूला एक खडकाळ बेट, गवंडी, बेलदार, थोडे सैनिक आणि वल्ह्यांवर चालणारी उथळ होडकी. समोरासमोर तोफांचा सामना झाला असता तर कुणाचं पारडं जड, हे सांगायला नको. पण डाव कशावर होता? इंग्रजांना मराठ्यांना बेटावरून हुसकवायचं होतं. मराठ्यांना इंग्रजांचं एकही जहाज बुडवण्याची गरज नव्हती. त्यांना फक्त तट उभा करायचा होता आणि तो होईपर्यंत बेटावरच्या माणसांना खायला घालायचं होतं.

ही अट एकदा ध्यानात आली की पुढच्या पाच महिन्यांतली प्रत्येक चाल उलगडते. इंग्रजांची जड जहाजं वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की ती जागच्या जागी, समुद्र खवळला की त्यांना आसऱ्याला जावं लागे. मराठ्यांची हलकी होडकी रात्री, उथळ पाण्यातून, वल्हवत बेटाला धान्य आणि सामान पोचवत राहिली. १९ सप्टेंबरला इंग्रजांच्या लेफ्टनंट थॉर्पनं बेटावर उतरायचा प्रयत्न केला, त्यात तो मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार नागावच्या बाजूनं बाहेर पडलं. त्या लढाईत 'डोव्हर' नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. मात्र 'रिव्हेंज' या लढाऊ जहाजावरचे कॅप्टन मिंचिन आणि केग्विन उलटून भिडले आणि मराठी गलबतांना खाडीकडे मागे फिरावं लागलं.

ही लढाई कोण जिंकलं? इंग्रज म्हणाले असते, आम्ही, कारण शत्रूचं आरमार मागे हटलं. पण त्या दिवशीही बेटावर गवंडी दगडावर दगड चढवत होते. समुद्रावरची लढाई ही डावातली एक चाल होती. डाव बेटावर चालला होता आणि तिथे तटाचा थर एकेक इंचानं वर येत होता. पुढे सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. त्यानं काय केलं? १६८०च्या जानेवारीत त्यानं शेजारची उंदेरी घेतली आणि तिथे स्वतःची तटबंदी सुरू केली. म्हणजे खांदेरीचा धडा मराठ्यांच्या शत्रूनंच पहिल्यांदा गिरवला. त्याच महिन्यात इंग्रजांनी मराठ्यांशी बोलणी करून आपली जहाजं काढून घेतली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

अट बदलली की माणूस बदलतो

खेळाच्या रचनेचं पहिलं सूत्र यातच आहे. माणूस खेळात काय करेल हे त्याच्या हातातल्या मोहऱ्यांवरून ठरत नाही, अटीवरून ठरतं. १९९१ साली सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा 'सिव्हिलायझेशन' आला. त्यात तुम्ही एका जमातीपासून सुरुवात करता आणि हजारो वर्षांचा इतिहास चालीचालीनं घडवता. जिंकायचे दोन मार्ग होते: सगळे प्रतिस्पर्धी संपवा, नाहीतर सगळ्यांच्या आधी आपलं अंतराळयान आल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे पोचवा. हा दुसरा मार्ग नसता तर त्या खेळातली ग्रंथालयं आणि विद्यापीठं फौजेला नवी शस्त्रं मिळवून द्यायची सोय एवढीच राहिली असती. यानाच्या अटीमुळे ग्रंथालय बांधणं हीसुद्धा आक्रमक चाल झाली. शांतपणे शिकत बसलेल्या शेजाऱ्याची लोकांना भीती वाटायला लागली.

त्यात एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. यान उडालं म्हणजे तुम्ही लगेच जिंकलात असं नव्हतं. ते पोचायला वर्षं लागत आणि तेवढ्यात कुणी तुमची राजधानी जिंकली तर यान गेलं. म्हणजे मी जिंकायला आले आहे हे सगळ्यांना दिसतं आणि मला अडवण्याचा एक मार्ग त्यांच्या हातात राहतो. खांदेरीचा तटही तसाच होता. गनिमाच्या डोळ्यांदेखत तो वाढत होता. मुंबईहून आलेल्या प्रत्येक जहाजाला काल किती होता आणि आज किती आहे हे दिसत होतं. चांगली अट दिसणारी असते आणि अडवता येणारी असते. यातलं एक जरी नसेल, तर शेवटी हरणारा माणूस नुसता हरत नाही, त्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं.

याच मालिकेतल्या पाचव्या खेळात, २०१० साली, संस्कृतीच्या बळावर जिंकायचा मार्ग होता. धोरणांच्या पाच शाखा पूर्ण करायच्या आणि मग एक शेवटचा प्रकल्प उभारायचा. चारदोन शहरं धरून, दारं लावून, कुणाशी फारसा संबंध न ठेवता हे जमायचं. खेळणारा जिंकायचा, पण त्यानं शेजाऱ्यांशी डाव खेळलाच नव्हता. २०१३च्या विस्तारात रचनाकारांनी ती अट मोडून नव्यानं लिहिली: तुमच्या कलाकृती, तुमचा वारसा बघायला इतर देशांची माणसं ओढली गेली पाहिजेत, आणि तुमचा प्रभाव प्रत्येक देशाच्या स्वतःच्या संस्कृतीवर भारी पडला पाहिजे. आता संस्कृतीनं जिंकायचं तर दार उघडावंच लागतं, व्यापार करावा लागतो, सरहद्दी खुल्या कराव्या लागतात. एका ओळीच्या बदलानं घरकोंबडा खेळाडू घराबाहेर पडला.

दोघांची अट एकच कशाला?

दुसरं सूत्र आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं. जुन्या लेण्यांच्या, देवळांच्या आणि किल्ल्यांच्या फरशांवर, पायऱ्यांवर खेळांचे पट कोरलेले दिसतात. वाघबकरी हा तसाच आपल्या ओळखीचा खेळ. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघानं बकऱ्या खाऊन जिंकायचं. बकरी वाघाला कधीच खाऊ शकत नाही, तिनं जिंकायचं ते कोंडी करून, वाघाला हलायला घर न ठेवून. दोन्ही बाजूंचं बळ वेगळं, म्हणून दोघांचं जिंकणंही वेगळं. दुबळ्याला बलवानाच्या अटीवर खेळायला लावलं तर तो खेळ होत नाही, नुसती शिकार होते.

बुद्धिबळातही अटींवर शतकानुशतकं विचार झाला आहे. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्याद्यानं केलेली मात सगळ्यांत मानाची. समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरला, तर त्याला बुर्जी म्हणत, आणि तो पुरा विजय धरत नसत. या विचारामागची सभ्यता बघा. नुसतं मारत सुटणं हे कौशल्य नाही. राजाच्या आजूबाजूला काही उरलेलं असताना त्याला मात द्या, म्हणजे तुम्ही खेळलात. पेशवाईच्या अखेरीस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळाच्या कूटांवर संस्कृतात ग्रंथ लिहिला. त्याचं इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापलं गेलं. कूट म्हणजे तरी काय? पट तोच, पण अट बांधून दिलेली. इतक्या चालींत, अशा तऱ्हेनं मात करा. अट जितकी नेमकी, तितकी बुद्धी पटावर खोल उतरते.

राजाला शह नाही, पण कुठल्याच मोहऱ्याला हलायला घरही नाही, अशी कोंडी झाली तर काय धरायचं? आज आपण डाव बरोबरीत सोडतो. पण इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अशी कोंडी करणारा हरला असं मानत. म्हणजे बुद्धिबळासारख्या खेळातही ही ओळ कुणीतरी माणसानं लिहिलेली आहे आणि माणसांनी ती बदललेली आहे.

आजच्या खेळांत या दुसऱ्या सूत्राचं सगळ्यांत नेटकं उदाहरण मला 'इन्टू द ब्रीच' या २०१८च्या खेळात दिसतं. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांची ही निर्मिती. पट आठ घरं बाय आठ घरं, गुरुजींच्या पटाएवढाच. जमिनीतून राक्षसी किडे वर येतात आणि पुढच्या पाळीला कुणावर हल्ला करणार हे आधीच दाखवतात. तुमच्याकडे तीन यंत्रं. सगळे किडे मारणं बहुतेक वेळा अशक्यच असतं आणि त्याची गरजही नसते. मोजक्या पाळ्या निभावायच्या आणि तोवर वस्तीतल्या इमारती वाचवायच्या. इमारती पडल्या की वीज जाते, वीज संपली की डाव संपला. म्हणून खेळणारा शत्रूला मारण्याऐवजी त्याला एक घर बाजूला ढकलतो, म्हणजे त्याचा घाव रिकाम्या जमिनीवर पडतो. मी हा खेळ पहिल्यांदा खेळले तेव्हा मला खांदेरी आठवली. तिथेही नेमून दिलेलं काम वाचवण्याचंच होतं.

डाव कधी संपवायचा

तिसरं सूत्र वेळेचं. डावपेचांच्या मोठ्या खेळांना एक जुना आजार आहे. जो पुढे जातो तो पुढेच जात राहतो. ज्याच्याकडे जास्त शहरं त्याला जास्त उत्पन्न, त्यातून जास्त फौज, त्यातून आणखी शहरं. अर्ध्या डावात निकाल कळलेला असतो, तरी अट पुरी करायला पुढचे कित्येक तास खर्ची घालावे लागतात. अनेक जण डाव तिथेच सोडून नवा मांडतात.

रचनाकारांनी यावर वेगवेगळे उपाय केले. १९९३च्या 'मास्टर ऑफ ओरायन'मध्ये सगळ्या साम्राज्यांची परिषद भरते. दोन तृतीयांश मतं मिळाली की तुम्ही सम्राट, उरलेल्यांना एकेक करून चिरडत बसायची गरज नाही. सोरेन जॉन्सन यांच्या 'ओल्ड वर्ल्ड'मध्ये राजघराण्याच्या दहा महत्त्वाकांक्षा पुऱ्या झाल्या की डाव जिंकता येतो, आणि त्या महत्त्वाकांक्षा तुमच्या डावाच्या कथेतून उगवतात. २०२५च्या सातव्या 'सिव्हिलायझेशन'नं तर इतिहासच तीन युगांत तोडला आणि प्रत्येक युगाअखेर हिशेब मांडला. कुठला उपाय सरस यावर वाद होऊ शकतो. माझं मत स्पष्ट आहे. निकाल ज्या क्षणी खरोखर लागतो, त्याच्या शक्य तितक्या जवळ अट पुरी झाली पाहिजे. खांदेरीवर तट माथ्याला लागला तेव्हा डाव संपला. त्यानंतर मराठ्यांना मुंबई जिंकायला लावली असती, तर तो वेगळाच आणि कदाचित हरायचा डाव झाला असता.

माझा फसलेला पट

हे सगळं मी आज शहाणपणानं सांगते आहे, पण शिकले ते चुकून. खांदेरीवर खेळ करायचं मी ठरवलं, तेव्हा पहिला पट कागदावरच मांडला. षटकोनी घरांचा समुद्र, मधे बेट, जहाजांना शिंपले, तटाला गोटे. अट मी घाईघाईत लिहिली: शत्रूची सगळी जहाजं बुडवणारा जिंकला. किहीमच्या एका घराच्या पडवीत सुट्टीवर आलेली मुलं खेळायला बसवली. दोन तास शिंपले एकमेकांवर आदळत राहिले. बेटाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. गोटे पिशवीतून बाहेरसुद्धा आले नाहीत. मराठ्यांची बाजू घेणारं मूल दर वेळी हरलं. मी इतिहासाशी आणि त्या मुलाशी, दोघांशी अन्याय केला होता.

दुसऱ्या खेपेला अट लिहिली: तटाचे बारा गोटे लागले की मराठे जिंकले. आता बेटावरचं मूल दर पाळीला एक गोटा ठेवून मोकळं व्हायचं आणि इंग्रजांच्या हाती करण्यासारखं काही राहायचं नाही. अट दिसत होती, पण अडवता येत नव्हती.

तिसऱ्या खेपेला मी बेटावर भूक आणली. प्रत्येक दिवसाच्या पाळीला गोटा ठेवायचा असेल, तर आदल्या रात्रीच्या पाळीला थळच्या किनाऱ्यावरून धान्याची एक होडी बेटावर पोचली पाहिजे. होडी उथळ घरांतून जाऊ शकते, जहाज जाऊ शकत नाही. आणि इंग्रजांना त्यांची स्वतःची अट दिली: जहाजं समुद्रावर ठेवण्याचा खर्च दर पाळीला वाढत जातो. तिजोरी रिकामी व्हायच्या आत बेट खाली करून घेतलं तर पूर्ण विजय. आणि त्याआधीच तह करून जहाजं शाबूत घेऊन परतले तर मानाची माघार.

त्या दिवशी किनाऱ्यावर राहणारी एका मच्छीमाराची मुलगी मराठ्यांकडून बसली होती. तिनं दोन रात्री होडी मुद्दाम पाठवलीच नाही. तटाचं काम थांबलं, समोरच्या मुलानं आपली जहाजं उत्तरेच्या बाजूला एकवटली. तिसऱ्या रात्री तिनं दक्षिणेकडून एकदम तीन होड्या सोडल्या. मी तिला विचारलं, हे कसं सुचलं? ती म्हणाली, "माझा बाबा रात्री बघूनच जातो ना." मग माझ्या लक्षात आलं की अट बरोबर लिहिली, तर खेळणारा स्वतःच्या घरातलं शहाणपण पटावर आणतो. जहाजं बुडवायच्या खेळात तिच्या बाबाच्या अंधारातल्या ज्ञानाला कुठे जागाच नव्हती.

शेवटी एवढंच

रसिकहो, खेळाला करमणूक म्हणून दुय्यम समजायची आपल्याला सवय आहे. पण आपली मुलं रोज कितीतरी तास कुणीतरी लिहिलेल्या अटींवर जिंकायला शिकत आहेत. त्या अटी दूरच्या देशांत, दूरच्या माणसांनी लिहिलेल्या आहेत. त्यांतल्या कित्येक उत्तम आहेत, मी त्यांच्याकडूनच शिकले. तरी वाघबकरीची, प्यादेमातीची आणि खांदेरीची परंपरा असलेल्या माणसांनीही या अटी लिहाव्यात असं मला मनापासून वाटतं. दुबळ्याला त्याच्या बळाचं जिंकणं देणाऱ्या, वाचवण्याला मारण्यापेक्षा वरचढ मानणाऱ्या, आणि वेळेवर थांबणाऱ्या अटी.

खांदेरीचा तो पट मी आज इथल्या वाचनालयाला देते आहे. कापडावर छापला आहे, सोबत शिंपले आणि गोटे आहेत, नियमांचा एक कागद आहे. त्या कागदावर होडी कशी चालते, वारा कधी पडतो, दिवस आणि रात्रीच्या पाळ्या कशा येतात, हे सगळं लिहिलं आहे. फक्त सगळ्यांत वरचा रकाना मी कोरा ठेवला आहे. त्यात जी मुलं पट उघडतील त्यांनी, मोहरी मांडून झाल्यावर आणि पहिली चाल करायच्या आधी, आपापसांत बोलून एक ओळ लिहायची आहे. रकान्याच्या डोक्यावर गुरुजींचा प्रश्न छापला आहे: आज डाव कशावर?